आधी कागद, मग चित्र

रत्नागिरी,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय बयो,

तुझ्या कोलाजचा फोटो मिळाला. मोठा करून, चष्मा लावून, खिडकीशी नेऊन पाहिला. कापकाम सुरेख झालंय. कात्रीवर तुझा हात पाचवीतल्या कार्यानुभवाच्या तासापासून बसलेला, त्यामुळे त्यात नवल नाही. पण खाली तू लिहिलं आहेस, 'सगळं नीट जमलंय, तरी चित्र माझं वाटत नाही.' वाटणार कसं? कागद दुसऱ्याचे आहेत ना!

कोलाजच्या कागदांचं ते महागडं पाकीट मला फोटोतही ओळखू आलं. त्यातला एकेक कागद लग्नाला निघाल्यासारखा नटलाय. सोनेरी ठिपके काय, गुलाबाच्या वेली काय, वर कुणाची तरी फ्रेंच पत्रं. त्यातून तू झाड काप, डोंगर काप, पाणी भरणारी बाई काप, बघणाऱ्याचा डोळा आधी वेलीवरच जाणार. कोलाजचा कागद जरा अर्धवट असावा लागतो. कुठे रंग दाट, कुठे विरळ, मध्येच ब्रशचा एखादा फटकारा सुटलेला. उरलेलं कात्री बघते. असा अर्धवट कागद दुकानात मिळत नाही, कारण तसा तो कुणी विकत घेणार नाही. तो घरीच करावा लागतो. आणि खरं सांगू का, हल्ली मला चित्रापेक्षा त्याचीच गोडी जास्त आहे.

'कसं करू ते सविस्तर लिही' म्हणालीस, म्हणून लिहायला बसले आहे. चहा घेऊन बस.

सगळ्यात आधी एक पथ्य. कागद रंगवायचा दिवस वेगळा आणि चित्र करायचा दिवस वेगळा. रंगवताना 'याची गाय करीन, याचं आभाळ करीन' असं मनात आलं की हात आखडतो. गाईसाठी म्हणून रंगवलेला तपकिरी हमखास मेलेला निघतो. तेव्हा कुठलंही चित्र डोक्यात न ठेवता भराभर, ढिगाने कागद करायचे, वाळवायचे, फडताळात टाकायचे आणि विसरून जायचं. मी हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन आभाळच रंगवलं. तू तरी तसं करू नकोस.

आता जरा तुझ्यावर रागावते. तू राहतेस बोस्टनला. तिथून गाडीने दोनेक तासांवर ॲम्हर्स्ट गाव आहे, आणि या विद्येतल्या सगळ्यात मोठ्या माणसाने उभं केलेलं संग्रहालय तिथे 2002पासून उघडं आहे. एरिक कार्ल! तुझ्या लेकीने लहानपणी ज्याचे कोपरे चावून खाल्ले ते 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' त्याचंच, 1969 सालचं. घरात अजून असेल तर काढ आणि त्या सुरवंटाची एकेक वळी बघ. दोन वळ्या सारख्या हिरव्या नाहीत. कुठे पिवळा खालून वर येतोय, कुठे निळसर झाक आहे, कुठे ब्रशच्या केसांचे ओरखडे तसेच राहिलेत. त्यातला एकही ओरखडा त्याने 'सुरवंटासाठी' म्हणून काढलेला नाही. पांढरा पातळ टिश्यू घ्यायचा, त्यावर ॲक्रिलिकचे रंग रुंद ब्रशने, अरुंद ब्रशने, बोटांनी, स्पंजाने, गोणपाटाच्या आणि गालिच्याच्या तुकड्याने लावायचे, वाळवायचे आणि रंगवार लावलेल्या खणांत ठेवून द्यायचे, ही त्याची रीत. चित्राची वेळ आली की खण उघडायचा. सुरुवातीला तो बाजारातले तयार रंगीत टिश्यू वापरायचा. पुढे पांढऱ्यावर स्वतः रंगवायला लागला, आणि माझ्या मते तिथूनच तो खरा कार्ल झाला.

त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. जन्म 1929चा, न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजला. आईवडील मूळचे जर्मन, ते 1935 साली त्याला घेऊन परत गेले, नेमके हिटलरच्या राज्यात. तिथे शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी एकदा त्याला घरी बोलावून बंदी घातलेल्या चित्रकारांच्या चित्रांच्या छापील प्रती गुपचूप दाखवल्या. त्यात फ्रान्झ मार्कचा निळा घोडा होता. पोराने तो जन्मभर डोक्यात ठेवला आणि 2011 साली, ऐंशी उलटल्यावर, निळा घोडा काढणाऱ्या चित्रकाराचं पुस्तक केलं. 2021 साली तो गेला. संग्रहालयाच्या मोठ्या दालनात त्याची चार प्रचंड चित्रं आहेत, चार रंगांतली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बसून काम करता येईल अशी कार्यशाळाही आहे. तेव्हा जा. आणि माझ्यासाठी एक कर: मूळ चित्र काचेत लावलेलं असेल तिथे जवळ जाऊन टिश्यूवर टिश्यू चढलेल्या कडा बघ. खालचा रंग वरच्यातून किती झिरपतो ते मला पुस्तकावरून नीट कळत नाही.

आता कामाचं. एक ताव करून दाखवते.

कार्ट्रिजचा अर्धा ताव घे. पाटावर जुना पेपर आणि त्यावर ताव. बशीत पिवळा रंग काढून पाण्याने इतका पातळ कर की ब्रश टेकवला तर ओघळ यायच्या बेतात असावा. ब्रश चित्रकाराचा नको, भिंतीला रंग द्यायचा दोन इंची घे, हार्डवेअरच्या दुकानातला. आडवे फटकारे मार, भरभर, कडेपर्यंत नाही गेले तरी चालेल. हा थर पुरता वाळू दे. मग निळ्यात थोडा पिवळा कालव, या वेळी दाट, आणि ब्रश जवळजवळ कोरडा ठेव. आता उभे फटकारे. कोरड्या ब्रशचे केस फुटतात, त्यांच्या रेघा उमटतात आणि रेघांच्या मधून खालचा पिवळा दिसत राहतो. वरचा रंग ओला आहे तोवर फणी ओढ. माझ्याकडे उवांची जुनी लाकडी फणी आहे, सासूबाईंच्या पेटीत सापडली. फणीचे दात वरचा निळसर रंग खरवडून नेतात, पण खालचा पिवळा जागचा हलत नाही. ॲक्रिलिक एकदा वाळलं की त्याचा पातळ पापुद्रा होतो आणि तो मग पाण्याला दाद देत नाही. सगळी गंमत तिथेच आहे. पोस्टर कलरने हेच करायला गेलीस तर दुसऱ्या थराचं पाणी पहिल्याला विरघळवतं आणि दोन्ही मिळून गढूळ होतात. शिवाय चिकटवताना गोंदाचं पाणी लागलं की बोटाला रंग येतो तो वेगळाच.

अशा एका तावात पाच-सहा तरी हिरवे निघतात. वर कोवळं केळीचं पान असतं, मध्ये लोंबी धरायच्या आधीचं भाताचं शेत आणि खाली, जिथे ब्रश अडखळला, तिथे विहिरीच्या कडेचं शेवाळ. पण ते आत्ता बघायचं नाही, पथ्य सांगितलंय ना! ताव उचलायचा, दांडीवर टाकायचा आणि पुढचा घ्यायचा.

रंग फार घेऊ नकोस. एक पिवळा, एक तांबडा, एक निळा आणि पांढऱ्याची मोठी बाटली. काळा नकोच. ट्यूबमधला काळा शेजारच्या सगळ्या रंगांचा जीव घेतो. निळ्यात तांबडा आणि थोडा पिवळा घालून जो अंधार होतो तो कितीतरी बरा. स्वस्तातले ॲक्रिलिक चालतात, मात्र पहिला थर त्यांचा खडूसारखा भुरका बसतो, दोन द्यावे लागतात. हळदीचा मोह तुला होणार, मला माहीत आहे. हळदीचा पिवळा पहिल्या दिवशी बघत राहावा असा असतो आणि भिंतीवर उजेडात महिनाभर टांगला की उडून जातो. चुन्याचं पाणी शिंपडलंस तर त्यावर तांबडे डाग पडतात, ते मुलांना दाखवायला छान. पण टिकाऊ कामात गेरू बरा. माती आहे, तिला उन्हाचं काय!

हत्यारांवर पैसे घालवू नकोस. स्वयंपाकघरात आणि अंगणात सगळं पडलेलं असतं. भेंडीचे ठसे आपण शाळेत मारलेच आहेत, पण केळीच्या पानाचा जाड दांडा आडवा कापून कधी रंगात बुडवलायस का? आत नुसत्या पोकळ्यांच्या ओळी असतात, त्यांचा ठसा जाळीदार उमटतो, जवळून मधमाश्यांचं पोळं आणि लांबून घराची कौलं. बाटलीला सुंभ गुंडाळून ती रंगात लोळवायची आणि कागदावरून फिरवायची, तिरक्या रेघांचं रान तयार होतं. कांद्याची जाळीदार पिशवी ताणून धरून तिच्यावरून स्पंज दाबला की मासळीचे खवले. माडाच्या हिराचं टोक ठेचून त्याचा ब्रश कर. दात घासायचा जुना ब्रश तर टाकूच नकोस. एझ्रा जॅक कीट्सने 'द स्नोई डे' केलं 1962 साली, त्यात पोरगं झोपतं त्या पानामागची करडी रात्र त्याने टूथब्रशने शाई शिंपडून केली होती. त्या पुस्तकाला तुमच्याकडचा मोठा कॅल्डेकॉट पुरस्कार मिळाला. हे वाचल्यापासून मी घरातले सगळे जुने ब्रश जप्त करते. ह्यांचा चालू वापरातलाही एकदा गेला.

तुमच्याकडे जेलीची पाटी मिळते असं ऐकते, कागद छापायची. पाटीवर रोलरने रंग पसरायचा, वर पान किंवा दोरा ठेवायचा, कागद दाबून उचलायचा. तुला परवडत असेल तर ती अवश्य घे. इथे ती जिलेटिन आणि ग्लिसरीन विरघळवून घरी करता येते, पण जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्याचं. आमच्या स्वयंपाकघरात ते भांडं चढणार नाही, आणि सासूबाईंशी या वयात कोण भांडणार? मी स्टीलच्या परातीची पाठ वापरते. रंग तिच्यावर घसरतो आणि छाप विस्कटलेला येतो, मला तसाच आवडतो. वर्तमानपत्राचा फाटका तुकडा ओल्या रंगावर दाबून उचलला तर त्याच्याबरोबर थोडा रंग निघून जातो आणि मागे जी पुसट जागा राहते ती हाताने काढता येणार नाही अशी असते. आपले वासुदेव गायतोंडे हे करायचे. ब्रशपेक्षा रोलर आणि रंगकामाची सुरी, आणि रंगावर दाबून उचललेले मासिकांचे, वर्तमानपत्रांचे फाटके तुकडे. त्यांच्या कॅनव्हासवरचे ते धुक्यातून वर आलेले आकार बघून लोक ध्यानधारणेच्या गप्पा मारतात. मारोत बापडे. मला तो फाटका पेपर दिसतो आणि हात शिवशिवतात.

सगळ्यात मजेचा प्रकार मात्र खळीचा. आपल्याकडे वह्या बांधणारे मैद्याची खळ करतात तीच. एक वाटी मैदा, पाच-सहा वाट्या पाणी, आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून घ्यायच्या, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन जरा पारदर्शक दिसायला लागली की उतरवायची. गार झाल्यावर कापडातून गाळायची. या खळीत रंग कालवायचा आणि ओल्या केलेल्या कागदावर जाडसर फासायचा. खळीमुळे रंग पळत नाही, जिथे ठेवला तिथे उभा राहतो. आता फणी ओढली की प्रत्येक दाताची चर स्वच्छ राहते, आणि चरीच्या कडेला रंगाची बारीक वरंबी उभी राहते. बोटाने लाट काढ, पुठ्ठ्याच्या तुकड्याला खाचा पाडून गोल फिरव, नाही पटलं तर ब्रश फिरवून पुसून टाक आणि पुन्हा कर. खळ ओली आहे तोवर सगळं माफ. जर्मनीकडचे जुने बुकबाइंडर सतराव्या-अठराव्या शतकात पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना असेच कागद चढवायचे. गेरू घातलेल्या खळीचा कागद मी एकदा केला की चार दिवस दुसरं काही करत नाही. नांगरलेली जमीन हवी असेल, जुनी भिंत हवी असेल, बैलाचं अंग हवं असेल, सगळं त्या एका गेरूत निघतं.

अशा खेळाची परंपरा आपल्याही वाटेवर आहे हो. इथून आंबा घाट चढून कोल्हापूर-मिरजेवरून गेलं की विजापूर. तिथे आदिलशाहीत, सतराव्या शतकात, अबरी कागदाची करामत कुठवर गेली होती ठाऊक आहे? दाट केलेल्या पाण्यावर रंग तरंगवायचे, काडीने फिरवायचे, कागद अलगद टेकवून उचलायचा, ही साधी अबरी. आपल्या आजोबांच्या चोपड्यांच्या पुठ्ठ्यावर असायची तसली. विजापूरकरांनी नको तो भाग झाकून अबरी नेमकी चित्राच्या आकारातच उतरवली. हाडं वर आलेला एक मरतुकडा घोडा, वर एक बैरागी, आणि घोड्याचं सगळं अंग त्या रंगांच्या भोवऱ्यांनी भरलेलं. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात असं एक चित्र आहे. घोड्याच्या बरगड्या रंगाच्या वळणांत डोळ्याला सापडतात. कधी न्यूयॉर्कला गेलीस तर ते मांडलंय का ते आधी विचार. कागदावरची चित्रं उजेडाला भितात, म्हणून संग्रहालयं ती आलटून पालटून बाहेर काढतात.

तू चित्रकार मातीसचं नाव काढलं होतंस म्हणून तेही सांगते. 1941च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याला फार वेळ उभं राहवेना, तेव्हा कात्री हातात घेतली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. कागद मात्र तो स्वतः रंगवत नसे. मदतनीस मुली गुआशच्या रंगांनी ताव रंगवून वाळवून ठेवायच्या आणि हा बिछान्यात नाहीतर चाकाच्या खुर्चीत बसून कापायचा. तुकडे भिंतीवर टाचण्यांनी लावायचे, हलवायचे, पुन्हा लावायचे. लंडनच्या टेटमधला त्याचा 1953चा 'गोगलगाय' जवळजवळ तीन मीटर चौरस आहे, म्हणजे ताव किती लागले असतील विचार कर. त्याचं 'जाझ' हे पुस्तक 1947 साली निघालं. रंग तेच वापरले होते, तरी छापील पानं बघून तो हिरमुसला. मला तो का हिरमुसला ते कळतं. कापलेल्या कागदाला जाडी असते, कडेला बारीक सावली असते, ब्रशचे ओघ असतात. छापल्यावर ते सगळं सपाट. मातीसला हात जोडते, पण कागद दुसऱ्याने रंगवायचे हे काही मला जमायचं नाही. मदतनीस मुलींनाच जास्त मजा आली असेल असा मला दाट संशय आहे.

तुझ्या मनाला लागेल अशी बाई वेगळीच आहे. मेरी डेलनी, इंग्लंडातली. नवरा 1768 साली वारला, आणि बहात्तराव्या वर्षी तिने कागदाची फुलं करायला घेतली. काळ्या कागदावर बारीक बारीक तुकडे चिकटवून हुबेहूब फूल, एकेका फुलात कधी दोनशेहून जास्त तुकडे. दहा वर्षं, डोळे साथ देईनात तोवर, आणि झाली जवळजवळ एक हजार. ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काही कागद ती स्वतः रंगवायची, आणि काही कागद रंगवणाऱ्या कारागिरांकडून आणायची, ज्यांत रंग पसरून डागाळलेत असे. म्हणजे कारागिराने बिघडला म्हणून बाजूला टाकलेला ताव, त्यातला डाग म्हणजे हिला पाकळीची शीर! बयो, आपल्याला अजून वेळ आहे.

बरं, कागद कुठला घ्यायचा ते राहिलंच. वर्तमानपत्र नको. त्यात लाकडाचा लगदा जसाच्या तसा असतो, म्हणून तो उन्हात पिवळा पडून कुरकुरीत होतो. झेरॉक्सचा कागद सरावाला उत्तम. कार्ट्रिज भरवशाचा. चैन करायची असेल तर मी पुण्याहून हातकागद संस्थेचा मागवते. शिवाजीनगरची ही जुनी संस्था 1940ची, सुती चिंध्यांपासून कागद करते. लांब धाग्याचा असल्यामुळे भिजला तरी फाटत नाही आणि फाडला तर कडेला मऊ लव सुटते. टिश्यू म्हणशील तर तिकडे तुला काय कमी! बटर पेपर मात्र बघून घे. केक भाजायचा गुळगुळीत असतो त्याच्यावर रंग थेंब थेंब होऊन उभा राहतो. आणि पतंगाचा रंगीत कागद पाण्याने रंग सोडतो. तो दोषही वापरता येतो. भिजवून पांढऱ्या कागदावर चिकटव, वाळल्यावर सोलून काढ, मागे पाणचट डाग राहतात. फक्त ते उजेडात टिकत नाहीत.

फाडणं आणि कापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंगवलेला कागद फाडलास की एका तुकड्याला पांढरी कड येते आणि दुसऱ्याला येत नाही. कुठला हात तू आपल्याकडे ओढतेस त्यावर ते ठरतं. लाटेचा फेस, ढगाची कड, धुकं, सगळं त्या पांढऱ्यात फुकट मिळतं. नको असेल तर कागदाच्या गाभ्यालाही आधी रंग मुरवून घे. शिवाय कागदाला धागा असतो, एका दिशेने सरळ फाटतो, दुसरीकडे वाकडातिकडा. चिठोरा फाडून बघायचा आणि मगच हात घालायचा.

वाळवण आणि साठवण हे आमच्या कोकणातलं मोठं दुखणं. आषाढ-श्रावणात मी या कामाला हात लावत नाही. ताव चार-चार दिवस ओलसर राहतो आणि पाचव्या दिवशी बुरशी धरतो. दसरा झाला, हे भाजून काढणारं ऊन पडलं की पडवीभर दोऱ्या. वाळलेले ताव एकावर एक ठेवायचे नाहीत. ॲक्रिलिक दिसायला कोरडं असलं तरी दमट हवेत दाबाखाली एकमेकांना धरतं, आणि सोडवताना एकाचा रंग दुसऱ्यावर जातो. मध्ये तो भाजायचा बटर पेपर घालते, त्या कामाला तो गुणाचा. खळीच्या कागदांना कसर लागते. बांधणीवाले म्हणूनच खळीत मोरचूद टाकतात, पण ते विष आहे, मुलं बोटं चाटतात त्या घरात नको. मी फडताळात कडुनिंबाचा पाला ठेवते. तुमच्याकडे उलट होईल. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत ताव बघता बघता वाळेल आणि सुरळी होईल, कारण रंगाचा थर वाळताना आकसतो. पाठीला ओला स्पंज फिरवून, दोन कोऱ्या कागदांत घालून, वर तुझे ते जाड कोश ठेव. आणि रंगाच्या बाटल्या गाडीत किंवा गॅरेजमध्ये विसरू नकोस. ॲक्रिलिक गोठलं की फुटू शकतं, मग पुन्हा एकजीव होत नाही.

फडताळात लावताना रंगावर लावतेस की उजेड-अंधारावर? सगळे कार्लसारखे रंगवार लावतात. मी गडद, मधलं, फिकं असे तीन ढीग करते. कोलाज फसतं ते बहुधा सगळे तुकडे मधल्या ढिगातले निघाल्यामुळे. तुझा फोटो मी मोबाइलमध्ये काळापांढरा करून बघितला, झाड आणि डोंगर एकमेकांत विरघळून गेले. तूही करून बघ. रंग मनासारखा घे, पण गडद-फिक्याचा हिशेब चुकला की कितीही सुंदर कागद असो, लांबून नुसता गोंधळ.

हे लिहिताना मला सारखी विनोदबिहारी मुखर्जींची आठवण येते. शांतिनिकेतनचे चित्रकार. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर ते रंगीत कागद कापून चित्रं करायला लागले. हाताला कड लागते, आकार लागतो, रंग कुणाला तरी विचारायचा. सत्यजित राय यांनी 1972 साली त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट केला. वीसेक मिनिटांचा आहे, तुझ्या संगणकावर मिळेल. जेवताना लावू नकोस, नीट बस.

या पाकिटात थोडे कागद घालते आहे. गेरूचा खळीचा एक मोठा तुकडा, केळीच्या दांड्याचे दोन, आणि परातीच्या पाठीवरचे निळे काही. नमुने म्हणून जपून ठेवशील तर रागावेन, कापून टाक. गेरूचा उलटा धरलास तर त्यात एक म्हातारी बसलेली दिसते असं शेजारच्या पोराचं म्हणणं आहे. मला काही दिसली नाही.

ॲम्हर्स्टहून आलीस की कडांचं लिही. आणि येणारं-जाणारं कुणी असेल तर ओला झाला तरी न फाटणारा पांढरा टिश्यू पाठव, भरपूर. इथे मिळतो तो ब्रश लागताच लगदा होतो. लेकीला आशीर्वाद, तुझ्या ह्यांना नमस्कार सांग.

तुझीच,
मी

ता. क. मोरचूद तिकडे शोधत हिंडू नकोस. खळ फ्रिजमध्ये ठेवलीस तर आठवडाभर राहते, आणि लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घातलेस तर वासही बरा येतो. फक्त डब्यावर नाव लिही. आमच्याकडे पाहुण्यांनी ती खीर समजून वाटीत काढली होती.